माहितीपुस्तिका तपासायची कशी? पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

एखादी माहितीपुस्तिका हातात देऊन "जरा तपासून सांग" म्हटलं की बहुतेक जण लाल पेन घेऊन बसतात. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले स्वल्पविराम, जड शब्द यांवर खुणा करतात आणि पुस्तिका परत देतात. ते काम गरजेचं आहेच, पण ते मुद्रितशोधन झालं. पुस्तिका तपासायची म्हणजे ती हातात घेऊन माणसाला काम जमतंय का, हे बघायचं.

यात दोन गोष्टी येतात. मजकूर वाचून कळतो का, ही वाचनीयता. कळल्यावर त्याच्या आधारानं काम नीट आणि वेळेत पार पडतं का, ही वापरसुलभता. दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. अगदी सोप्या भाषेतली सूचना नको त्या पानावर असेल तर ती कुणाच्याच उपयोगाची नाही. उलट, बिघाडाच्या खुणांचा एखादा रुक्ष तक्ता वाचायला कंटाळवाणा असतो, पण अडलेल्या माणसाला तोच सोडवतो.

या लेखात उदाहरण म्हणून घरी वापरायचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र घेतलं आहे. ते छोटं आहे, वापरणारे सगळ्या वयाचे असतात आणि मोजताना झालेली चूक सहसा लक्षातच येत नाही. तपासणीच्या दृष्टीनं ही शेवटची बाब फार महत्त्वाची आहे, ती पुढे येईलच.

पुस्तिका उघडण्याआधी: कोण, कशासाठी, कुठे

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. पुस्तिका कोण वाचणार, त्याला काय काम करायचं आहे आणि ते काम तो कुठल्या परिस्थितीत करणार. "सर्वसामान्य वापरकर्ता" असं लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. "सत्तरीचे गृहस्थ, चष्मा आहे, यंत्र पहिल्यांदाच हाताळतायत, घरात एकटे" असं लिहिलं की कुठे काय अडेल ते आपोआप दिसू लागतं. दंडाला पट्टा बांधला की एक हात अडकतो, मग पान एका हातानं उलटावं लागणार, हेही तेव्हाच सुचतं.

कामांची यादी प्रकरणांच्या नावांवरून करू नका. ती वाचणाऱ्याच्या तोंडी शोभेल अशी करा: "यंत्र पहिल्यांदा सुरू करायचंय", "आकडा नेहमीपेक्षा खूप जास्त आलाय", "पडद्यावर कसलीतरी खूण आलीय", "कालचा आकडा बघायचाय". मग प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा: हे किती वेळा करावं लागतं, आणि चुकलं तर काय होतं? जिथे चुकीची किंमत मोठी, तिथे तपासणीचा जास्त वेळ द्या. घड्याळ लावण्याची सूचना थोडी क्लिष्ट असली तरी निभावतं. पट्टा कसा बांधायचा हे क्लिष्ट असून चालत नाही, कारण त्या आकड्यावरून पुढे औषधाचे निर्णय होतात.

डोळ्यांनी होणारी तपासणी

हा भाग पटकन उरकतो. अक्षर पुरेसं मोठं आहे का, शाई आणि कागद यांत पुरेसा फरक आहे का, ओळी एकमेकींना चिकटल्या आहेत का. मराठीत वेलांट्या, रफार आणि उकार वर-खाली जात असल्यानं ओळींमधली जागा जरा जास्तच लागते. पुस्तिका पडद्यावर वाचायची असेल तर मापही ठरलेलं आहे: वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरासाठी ३ : १ असावं. ते मोजून देणारी मोफत साधनं मिळतात. छापील पुस्तिका मात्र ती प्रत्यक्ष जिथे वाचली जाईल तशा उजेडात धरून बघा. कार्यालयातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळंच वाचता येतं.

चित्रांवर थांबा. चित्रातले क्रमांक आणि मजकुरातले क्रमांक जुळतात का? चित्रातलं यंत्र तेच आहे की मागच्या मॉडेलचं? यंत्राच्या कळीवर जो शब्द छापलाय, नेमका तोच शब्द पुस्तिकेत आहे का? कळीवर "सुरू" आणि पुस्तिकेत "प्रारंभ" असेल तर वाचणारा दुसरी कळ शोधत बसतो. भाषांतरित पुस्तिकांत हा घोळ हमखास सापडतो, म्हणून भाषांतराची तपासणी मूळ पुस्तिकेच्या भरवशावर सोडू नये, ती स्वतंत्र करावी.

इशारे कुठे आहेत तेही याच फेरीत बघा. अमेरिकी मानकांत "धोका", "इशारा" आणि "सावधान" या अर्थाचे तीन शब्द ठरवून दिलेत: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर पहिला, होऊ शकत असेल तर दुसरा, किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी तिसरा. आपल्या पुस्तिकेनं अशी काही उतरंड पाळली आहे का, की प्रत्येक पानावर "धोका" लिहून ठेवलंय? आणि इशारा कृतीच्या आधी येतो की नंतर? "कळ दाबा" यानंतरच्या ओळीत "कळ दाबण्यापूर्वी" अशी सुरुवात झाली, तर तोवर कळ दाबून झालेली असते.

भाषा मोजायची, पण किती?

वाचनीयता मोजायची म्हटली की लोकांना सूत्रं आठवतात. सगळ्यांत प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांचं, १९४८ सालचं. एका वाक्यात सरासरी किती शब्द याला १.०१५ नं गुणायचं, एका शब्दात सरासरी किती उच्चारी तुकडे याला ८४.६ नं गुणायचं आणि दोन्ही २०६.८३५ मधून वजा करायचे. उत्तर साधारण शून्य ते शंभर यांच्या दरम्यान येतं. ६० ते ७० म्हणजे साधी इंग्रजी. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी याच धाटणीचं आणखी एक सूत्र तयार झालं, ते शालेय इयत्तेच्या हिशेबात उत्तर देतं. तांत्रिक पुस्तिका सैनिकांना कळतात का, हाच तिथला प्रश्न होता.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. ते गुणक इंग्रजी मजकुरावरून काढलेले आहेत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "पट्ट्याखालच्या" हा आपल्याला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. त्यामुळे मराठी शब्द लांब आणि वाक्यं शब्दसंख्येनं आखूड दिसतात, पण त्यावरून मजकूर अवघड की सोपा हे ठरत नाही. शिवाय इंग्रजीतसुद्धा या सूत्रांना अर्थ कळत नाही. एखाद्या वाक्यातले शब्द उलटसुलट लावले तरी गुण तेवढेच येतात.

मग मोजायचं काय? माझ्या मते मराठी पुस्तिकेत चार गोष्टी मोजण्यासारख्या आहेत. एका वाक्यात किती शब्द आणि, त्याहून महत्त्वाचं, किती कृती. अट आधी येते की कृतीनंतर. "यावे", "जावे", "करण्यात यावी" अशी क्रियापदं किती, म्हणजे काम कुणी करायचं हे लपवणारी वाक्यं किती. आणि त्या वाचकाच्या रोजच्या बोलण्यात नसलेले शब्द किती. हा नमुना बघा:

"मापन प्रक्रियेस प्रारंभ करण्यापूर्वी वापरकर्त्याने योग्य स्थितीत आसनस्थ होऊन दंडपट्टा हृदयाच्या पातळीस राहील अशा प्रकारे दंडावर परिधान केला असल्याची खात्री करून घेण्यात यावी व तद्नंतर प्रारंभ कळ दाबण्यात यावी."

एकोणतीस शब्द, एकच वाक्य. पण लांबी हा त्यातला लहान दोष आहे. खरा दोष "योग्य स्थितीत" या दोन शब्दांत आहे. योग्य म्हणजे कशी? पाठ टेकून की ताठ? पाय लोंबकळत चालतील का? पट्टा बाहीवरून बांधला तर? हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच हे वाक्य कळतं, आणि त्याला पुस्तिकेची गरजच नाही. आता हे:

१. खुर्चीत पाठ टेकून बसा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवा.
२. दंडावरचा कपडा बाजूला करा. पट्टा कपड्यावरून बांधू नका.
३. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवून पट्टा बांधा.
४. हात टेबलावर टेकवा. पट्टा हृदयाच्या उंचीला, म्हणजे छातीच्या मध्याशी आला पाहिजे.
५. पाच मिनिटं शांत बसा. बोलू नका.
६. "सुरू" कळ दाबा. आकडा येईपर्यंत हलू नका.

शब्द कमी झाले नाहीत, वाढले. "पुस्तिका छोटी करा" हा सल्ला सरसकट देऊ नये तो यासाठीच. इथे प्रत्येक पायरीनंतर आपण बरोबर आहोत की नाही हे वाचणाऱ्याला स्वतःच ताडून बघता येतं. असं ताडून बघायला जागा आहे का, हा प्रश्न प्रत्येक पायरीला विचारा. नुसत्या भाषेच्या तपासणीतला हा मला सर्वांत कामाचा प्रश्न वाटतो.

गाळलेल्या जागांची चाचणी

सलग मजकुरासाठी, म्हणजे "रक्तदाब दिवसभरात का बदलतो" अशा परिच्छेदांसाठी, एक जुनी आणि चांगली पद्धत आहे. विल्सन टेलर यांनी ती १९५३ मध्ये मांडली. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा, तिथे सारख्याच लांबीची रेघ काढायची आणि ज्यांनी मूळ मजकूर वाचलेला नाही अशांना जागा भरायला द्यायच्या. पहिलं वाक्य तसंच ठेवतात. सुमारे पन्नास जागा मिळाल्या तर निकाल भरवशाचा, म्हणजे अडीचशे शब्दांचा उतारा हवा. मूळचाच शब्द आला तर बरोबर धरायचा. ढोबळमानानं साठ टक्क्यांच्या वर गेलं तर वाचणाऱ्याला मजकूर एकट्यानं झेपतो, चाळीसच्या खाली आलं तर तो त्याच्यासाठी अवघड आहे.

मराठीत एक नियम आधीच ठरवून घ्या: "यंत्राला" ऐवजी कुणी "यंत्रास" लिहिलं तर ते बरोबर धरायचं की नाही. काहीही ठरवा, पण सगळ्यांना तेच लावा. पायऱ्यांच्या सूचनांना ही चाचणी लावू नका. तिथे शब्द ओळखता येण्यापेक्षा हात योग्य जागी जाणं महत्त्वाचं.

सापडतं का?

पुस्तिका पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. माणूस अडतो, मग उघडतो. आयबीएममध्ये जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात संगणक शिकणाऱ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हाही हेच दिसलं: लोकांना वाचत बसायचं नसतं, काम सुरू करायचं असतं. ते पानं गाळतात, मधूनच वाचतात, चुकतात आणि त्यातून सावरायला मदत शोधतात. म्हणून शोधाची चाचणी वेगळी घ्या.

सात-आठ प्रश्न काढा आणि त्यांत पुस्तिकेतले शब्द येऊ देऊ नका. पुस्तिकेत "स्मृतिसंचय" असेल तर तुम्ही विचारा, "कालचा आकडा कुठे दिसेल?" समोरचा अनुक्रमणिका बघतो, सूची बघतो की नुसती पानं चाळतो, हे टिपा. त्याहून मोलाचं म्हणजे तो पहिल्यांदा कुठला शब्द शोधतो ते. हे शब्द गोळा करा. सूचीत आणि शीर्षकांत तेच यायला हवेत. फक्त एवढं केलं तरी बऱ्याच पुस्तिका कितीतरी सुधारतात, आणि याला खर्च जवळपास शून्य.

मुख्य काम: माणूस, यंत्र, पुस्तिका आणि तुम्ही गप्प

आतापर्यंतचं सगळं टेबलावर बसून झालं. आता ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे तशी माणसं बोलवा. किती? १९९३ मध्ये जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी मांडलेल्या गणितावरून "पाच माणसं पुरतात, ८५ टक्के अडचणी दिसतात" असं सर्रास सांगितलं जातं. त्यामागे एक गृहीतक आहे: एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना भेटते. क्वचितच कुणाला भेटणारी अडचण पाच जणांत निसटू शकते, आणि सुरक्षेच्या बाबतीत नेमकी तीच घातक ठरते. म्हणून पाच हा आकडा एका फेरीचा माना. पाच जणांबरोबर बघा, दुरुस्त करा, पुन्हा नव्या पाच जणांबरोबर बघा. वाचकांचे गट फार वेगळे असतील तर प्रत्येक गटासाठी वेगळे पाच.

कार्यालयातले सहकारी चालणार नाहीत. यंत्र बनवणारे तर अजिबात नाहीत.

सुरुवातीलाच सांगा: "आम्ही पुस्तिका तपासतोय, तुम्हाला नाही. अडलं तर दोष पुस्तिकेचा." हे मनापासून आणि सावकाश सांगा, कारण माणसं स्वतःला दोष द्यायला टपलेली असतात. मग मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करायला सांगा. काही जणांना ते अवघडल्यासारखं होतं, त्यामुळे आधी एखाद्या क्षुल्लक कामावर सराव करून घ्या.

त्यानंतर गप्प राहायचं. नव्या माणसाला हेच सगळ्यांत जड जातं. समोरचा चुकीचं पान उघडतो आणि आपला हात शिवशिवतो. पण तुम्ही सांगितलंत तर त्या क्षणी चाचणी संपली. पुस्तिकेसोबत घराघरांत तुम्ही जाणार नाही. तो फारच वेळ गप्प बसला तर "आत्ता काय विचार चाललाय?" एवढंच. "हे बरोबर आहे ना?" असं त्यानं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" इजा होईल असं काही दिसलं तर मात्र ताबडतोब थांबवा.

आता यशाची व्याख्या. ती चाचणीच्या आधी लिहून ठेवलेली हवी. रक्तदाबाच्या यंत्राचं बघा. समजा, काकूंनी पट्टा स्वेटरवरून बांधला, पायावर पाय टाकला, मधेच "हे एवढं आवळतं का हो?" असं विचारलं आणि यंत्रानं आकडा दाखवला. काकू म्हणाल्या, "झालं की, सोपं आहे." यंत्राच्या मते काम झालं, काकूंच्या मतेही झालं. तुमच्या नोंदीत मात्र तीन चुका हव्यात, कारण कपड्यावरचा पट्टा, पायावर पाय आणि बोलणं या तिन्हींनी आकडा बदलू शकतो. सुरुवातीला म्हटलं ते हेच: इथे चूक आवाज करत नाही. "काम पूर्ण केलं" एवढ्याच रकान्यावर खूण केली असती तर ही पुस्तिका उत्तीर्ण झाली असती.

नोंदवहीत पायरीगणिक चार गोष्टी लिहा: काय केलं, काय म्हटलं, कुठे थांबलं, कुठल्या पानावर परत गेलं. नजर पान आणि यंत्र यांच्यात वारंवार ये-जा करत असेल तर बहुधा चित्र आणि वस्तू जुळत नाही. एकच ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली जात असेल तर वाक्यात गोंधळ आहे. पायरी वाचली आणि लगेच पुढच्या पायरीवर उडी मारली, तर एका पायरीत दोन कृती कोंबल्या आहेत का ते बघा; दुसरी नेहमी हरवते.

शक्य असेल तर दोन फेऱ्या घ्या. एकीत पुस्तिका बाजूला ठेवून "हवी तर बघा" म्हणा, दुसरीत तिच्या आधारानंच काम करायला सांगा. पहिलीतून कळतं की माणूस पुस्तिकेकडे केव्हा वळतो, दुसरीतून कळतं की वळल्यावर ती त्याला उभं करते का.

आकडे आणि अहवाल

वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९२४१-११ मध्ये, तीन मापं आहेत: काम बरोबर झालं का, त्यासाठी किती वेळ-श्रम लागले आणि माणूस समाधानी आहे का. तिन्ही मोजा, पण समाधानावर कमी विसंबा. वरच्या काकू समाधानीच होत्या.

समाधानासाठी जॉन ब्रूक यांची १९८६ मधली दहा विधानांची प्रश्नावली सोयीची आहे. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण. विषम क्रमांकांच्या गुणांतून एक वजा, सम क्रमांकांचे गुण पाचातून वजा, सगळ्यांची बेरीज गुणिले अडीच. उत्तर शंभरापैकी दिसतं, पण ती टक्केवारी नाही. सरासरी साधारण ६८ येते. विधानं "प्रणाली" डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत, तिथे "पुस्तिका" घालावं लागेल. आणि पाच जणांच्या सरासरीवरून "गुण चारनं वाढले" असले निष्कर्ष काढू नका.

अहवालात "पान ७ समजत नाही" असं लिहू नका, लिहिणाऱ्याला त्यातून दुरुस्ती सुचत नाही. "पान ७, पायरी ३: पाचपैकी चौघांनी पट्टा बाहीवरून बांधला. कपडा बाजूला करण्याची सूचना पान १२ वर आहे. ती या पायरीच्या आधी आणावी" असं लिहा. मग क्रम लावा: आधी इजा किंवा चुकीचा निर्णय होईल असं, मग काम अडवणारं, मग वेळ खाणारं, शेवटी खटकणारं. आणि जे चांगलं चाललंय तेही नोंदवा, नाहीतर दुरुस्तीच्या भरात तेच उडवलं जातं.

दुरुस्तीनंतर नव्या माणसांबरोबर पुन्हा बघायचं. आधीच्या माणसांना बोलावू नका, त्यांना आता यंत्र येतं. दोन-तीनदा वाक्य बदलून, चित्र बदलून, पायरी हलवूनही लोक तिथेच अडत असतील, तर लेखकाला आणखी एक मसुदा मागू नका. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात असतो: दोन कळा एकसारख्या दिसतात, किंवा पट्टा उलटाही बसतो. ती नोंद यंत्र घडवणाऱ्यांकडे पाठवा, सोबत चाचणीची टिपणं जोडा आणि पुस्तिकेतल्या त्या पानावर काम तोवर थांबवा.